कामासाठी पुण्याला येताय? गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात. बी.एस्सी. झाल्यावर २०१४ पासून सहा वर्षं मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला. आधी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आणि पैसे संपल्यावर घरी. फेब्रुवारी २०२१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, पुण्याला आले आणि चाकणला कंत्राटी कामगार म्हणून लाइनवर उभी राहिले. आता भोसरीतल्या एका लहान कारखान्यात क्वालिटीला आहे, पर्मनंट आहे, मोशीला राहते. तालुक्यातल्या मुलामुलींचे फोन येतात. कुणी स्वतः करतं, कुणाची माय करते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून इथं लिहून ठेवते.

ताई, सहा-सात वर्षं अभ्यासात गेली. वय ३१ झालं. अनुभव शून्य. कंपनी घेईल का?

घेईल. पण तुम्ही ज्या दाराकडं बघताय त्या दारातून नाही, हे आधीच सांगते.

ऑफिसची, खुर्चीवरची, पदवीला साजेशी नोकरी इतक्या वर्षांच्या गॅपनंतर थेट मिळणं अवघड असतं. कारखान्यात लाइनवर, गोदामात, डिस्पॅचला, स्टोअरला, पॅकिंगला, क्वालिटी तपासणीला माणसं लागतच असतात. तिथं वय ३१ आहे म्हणून कुणी परत पाठवत नाही. कधीकधी उलटंच होतं. काही कंत्राटदार पदवीधरांनाच नको म्हणतात, कारण त्यांना वाटतं हा महिन्याभरात सोडून जाणार. त्यामुळं बरीच मुलं फक्त बारावीचे कागद दाखवतात. मीही दाखवले होते. कुणी सरळ विचारलं, ‘पुढं शिकलात का?’, तर मात्र खोटं बोलू नका.

मुलाखतीत गॅपचा प्रश्न येणारच. त्याची आपण फार धास्ती घेतो. मी आरशासमोर उभी राहून पाच मिनिटांचं उत्तर पाठ केलं होतं, त्यात वडिलांचं आजारपण होतं, लॉकडाऊन होतं, रद्द झालेल्या भरत्या होत्या. समोरच्या बाईंनी अर्ध्यातच थांबवलं आणि विचारलं, ‘उद्या जाहिरात निघाली तर जाणार का?’ त्यांना तेवढंच जाणून घ्यायचं असतं. तुमची सहा वर्षं कुठं गेली यात त्यांना रस नसतो, पुढची दोन वर्षं तुम्ही टिकाल का हे त्यांना बघायचं असतं. म्हणून उत्तर असं ठेवा: ‘इतकी वर्षं परीक्षांची तयारी केली, पद मिळालं नाही, आता मला नोकरीच करायची आहे.’ एवढं बोलून थांबा. सारवासारव केली की समोरच्याला शंका येते.

खोटा अनुभव लिहू नका. एकदा पीएफ सुरू झाला की बारा अंकी यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ नंबर, मिळतो आणि कुठं किती महिने काम केलं ते त्यावर दिसतं. ‘दोन वर्षं अमुक कंपनीत होतो’ असं लिहिलं आणि यूएएनच नाही, तर मिळालेलं कामही जातं.

म्हणजे परीक्षा सोडून द्यायच्या?

हा निर्णय तुमचा. मी फक्त आकडे सांगते. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. फॉर्मची फी होती हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत बसता येतं. वयाची मुदत लांब आहे म्हणून आपलं थांबणंही लांबतं, आणि घरातलं कुणी ‘आता पुरे’ म्हणत नाही, कारण त्यांनाही वाईट वाटतं.

‘काम करत करत अभ्यास करीन’ असं सगळेच म्हणतात. मीही म्हणत होते. आठ तास उभं राहून रूमवर आल्यावर राज्यशास्त्राचं पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर डोळा लागायचा. गट क ची एखादी परीक्षा, ज्याची तयारी आधीच झालेली आहे, ती रजा काढून देता येते. नवा अभ्यासक्रम पहिल्यापासून सुरू करणं मात्र मला तरी जमलं नाही आणि माझ्या रूममधल्या कुणालाही जमलेलं मी पाहिलं नाही. पुस्तकं सोबत आणायची तर दोनच आणा. मी एक अख्खी गोणी आणली होती.

पुणंच का? संभाजीनगर जवळ नाही का?

आहे, आणि तिथं ओळखीचं कुणी असेल तर आधी तिथंच बघा. वाळूज, शेंद्रा इथं काम आहे आणि राहणं पुण्यापेक्षा स्वस्त पडतं. विदर्भातल्यांना नागपूरची बुटीबोरी आहे. पुण्याचा फायदा एवढाच, की इथं एक काम सुटलं तर दुसरं त्याच बसच्या रस्त्यावर सापडतं. चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवड, तळेगाव, रांजणगाव असा मोठा पट्टा आहे. चाकणला गाड्यांच्या मोठ्या कंपन्या आहेत, पण त्यांच्याइतकीच, खरं तर त्यांच्यापेक्षा जास्त माणसं त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत असतात. या लहान कारखान्यांची नावं आपल्याला गावात कुणी सांगत नाही. तिथं शिकायला मात्र जास्त मिळतं, कारण चार माणसांत सहा जणांचं काम असतं.

सदाशिव पेठेत राहून चाकणला काम शोधू नका. पेठा अभ्यासिकांसाठी. रोजचे तीन-चार तास बसमध्ये जातात आणि पेठेत राहिलं की जुने मित्र, जुना चहा, जुन्या चर्चा पुन्हा सुरू होतात.

किती पैसे घेऊन यावं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता विचारला जातो.

तीन महिन्यांचा खर्च. त्यापेक्षा कमी असेल तर थोडे दिवस गावात मिळेल ते काम करून जमवा आणि मग या. तीनच महिने का, तर काम पहिल्या आठवड्यात मिळालं असं धरलं तरी पहिला पगार हातात यायला सव्वा ते दीड महिना जातो. महिना भरायचा, मग पुढच्या महिन्याच्या सात किंवा दहा तारखेला पगार. तुम्ही वीस तारखेला लागलात तर पहिल्या वेळी दहाच दिवसांचा येतो. त्यात नवीन बँक खातं, आधार जोडणी यात काही अडकलं तर आणखी आठवडा जातो. बहुतेक मुलं काम न मिळाल्यामुळं परत जात नाहीत. काम मिळालेलं असतं, पगाराच्या आधी पैसे संपतात.

मी १८,००० घेऊन आले होते. त्यातले ८,००० मायनं शेळ्या विकून दिलेले. खर्च असा झाला: कॉटचं भाडं २,५०० आणि तेवढंच डिपॉझिट, मेस २,४००, गादी-उशी-बादली मिळून ९००, सेफ्टी शूज ६५०, मेडिकल आणि झेरॉक्स ४००, बस आणि फोन मिळून हजाराच्या आसपास. पहिल्याच महिन्यात दहा हजारांच्या वर गेले. दुसऱ्या महिन्यात सहा. पगार आला त्या दिवशी माझ्याकडं १,३०० रुपये उरले होते. आज याच गोष्टी महाग झाल्यात, त्यामुळं आकडे माझे धरू नका, हिशेबाची पद्धत धरा. निघायच्या आधी ज्या भागात राहणार तिथल्या कुणालातरी फोन करून कॉटचा आणि मेसचा आजचा भाव विचारा.

व्याजानं पैसे काढून येऊ नका. कितीही गोड बोलून कुणी दिले तरी नाही. व्याजाचा महिना पगाराच्या महिन्याआधी येतो आणि मग माणूस मिळेल त्या अटीवर काम धरतो.

राहायचं कुठं? कॉट बेसिस म्हणजे काय?

एका खोलीत चार-पाच कॉट, प्रत्येकीचं भाडं वेगळं. संडास-बाथरूम सामाईक. स्वयंपाकाची सोय कधी असते, कधी नसते. मोशी, भोसरी, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी या बाजूला अशा खोल्या पुष्कळ आहेत.

मला दाराजवळची कॉट मिळाली होती. शेवटी आलेलीला तीच मिळते, कारण दार उघडलं की झोपमोड तिचीच होते. आमच्यात एकीची फर्स्ट शिफ्ट, ती साडेचारला उठायची. मोबाइलच्या उजेडात, ट्यूबलाइट न लावता, पत्र्याच्या पेटीचं झाकण दोन्ही हातांनी धरून हळू टेकवायची, म्हणजे आवाज होऊ नये. पहिले आठ दिवस मी जागीच असायचे आणि झोपल्याचं सोंग घ्यायचे. नवव्या दिवशी ती म्हणाली, ‘जागी आहेस तर चहा पी.’ मला पहिलं काम तिच्यामुळंच मिळालं, तिच्या लाइनवर दोन मुली सोडून गेल्या होत्या.

म्हणून माझा सल्ला: पहिले तीन महिने एकट्यानं वेगळी खोली घेऊ नका, परवडत असली तरी. कोणत्या गेटवर माणसं घेतायत, कोणता कंत्राटदार पगार वेळेवर देतो, कोण पीएफ कापतो पण भरत नाही, ही माहिती कुठल्याही वेबसाइटवर नसते. ती रूम पार्टनरकडं असते.

डिपॉझिट रोख देऊ नका, यूपीआयनं द्या म्हणजे नोंद राहते. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि ‘फक्त खोलीसाठी’ असं लिहून सही करा. पूर्ण खोली किंवा फ्लॅट घेतलात तर अकरा महिन्यांचा करार नोंदणी केलेला हवा. महाराष्ट्रात ती नोंदणी करून देण्याची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर आहे.

काम शोधायचं नेमकं कसं?

सकाळी. फर्स्ट शिफ्ट साधारण सहा-सातला सुरू होते, जनरल आठ-नऊला. आठच्या सुमाराला गेटवर सिक्युरिटीला विचारा, ‘भरती चालू आहे का, कुणाकडून?’ ते कंत्राटदाराचं नाव सांगतात किंवा वहीत नंबर लिहून घेतात. एका दिवसात चार-पाच गेट होतात. फाइलमध्ये आधार, पॅन, बँक पासबुक, दहावी-बारावीच्या मार्कशीट, चार फोटो, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स ठेवा. मूळ प्रमाणपत्रं कुणालाच ठेवायला देऊ नका. ‘जमा करा, सोडताना परत देऊ’ असं म्हणणाऱ्याकडून उठून यायचं. हे मी अनुभवानं सांगते: माझी टीसी एका कंत्राटदाराकडं चार महिने अडकली होती.

घरी असतानाच महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवून या. जिल्ह्याच्या कौशल्य विकास आणि रोजगार मार्गदर्शन केंद्राकडून रोजगार मेळावे होतात, तिथं कंपन्या स्वतः येतात. गर्दी असते, पण एका दिवसात दहा ठिकाणी बायोडाटा जातो.

आयटीआय झालेल्यांनी आधी अप्रेंटिसशिप बघावी. त्यात पगार नसतो, विद्यावेतन असतं, पीएफ कापत नाहीत, पण शेवटी मिळणारं प्रमाणपत्र पुढं उपयोगी पडतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दलही फोन येतात. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० असं महिन्याचं विद्यावेतन त्यात ठरलं होतं. ते प्रशिक्षण आहे, नोकरी नाही. घराजवळ मिळालं आणि गॅप भरून काढायचा असेल तर चांगलं, त्याच्या भरवशावर शहरात खोली घेऊ नका.

कन्सल्टन्सीवाला २,००० मागतोय. गेट पास, युनिफॉर्म, रजिस्ट्रेशन म्हणतो. देऊ का?

नाही. एक रुपयाही नाही.

आधीच दिले असतील आणि ऑनलाइन दिले असतील तर आत्ता लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

१३ हजार सांगितले होते, हातात ११ आले. फसवलं का?

कदाचित नाही. माझी २०२१ ची पगाराची चिठ्ठी मी जपून ठेवलीय, ती बघा.

एकूण पगार १३,२००, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) ११,०००. पीएफ बेसिक-डीएच्या १२ टक्के, म्हणजे १,३२०. ईएसआय, म्हणजे कामगारांचा आजारपणाचा विमा, एकूण पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे ९९. व्यवसाय कर २००. कँटीन ३००. हातात आले ११,२८१. ती चिठ्ठी घेऊन मी गेटबाहेरच्या टपरीवर उभी राहून तीन वेळा बेरीज केली होती, कारण मी घरी १३ हजार सांगून बसले होते.

आता यातलं कोणतं कापणं बरोबर ते समजून घ्या. पीएफचे १,३२० गेले नाहीत, ते तुमचेच आहेत, आणि मालकाकडूनही १२ टक्के भरले जातात. त्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडं आणि उरलेले तुमच्या पीएफ खात्यात. ईएसआयमध्ये मालक ३.२५ टक्के भरतो. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० असतो. एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे, तरी कापला जात असेल तर चिठ्ठी दाखवून विचारा. माझ्या एका मैत्रिणीचा सात महिने कापला जात होता, विचारल्यावर बंद झाला.

चुकीचं काय? मालकाचा हिस्सासुद्धा तुमच्याच पगारातून वळता केला तर ते चूक. पीएफ कापला पण भरलाच नाही तर ते फारच चूक. हे तपासायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही: यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या नंबरवर मिस्ड कॉल द्या, शिल्लक मेसेजमध्ये येते. दुसऱ्या पगारानंतर हे करायचंच. शिल्लक दिसली नाही तर आधी कंत्राटदाराला विचारा, मग पीएफ कार्यालयात तक्रार करा. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळायला हवा. सिंगलनं देणारे पुष्कळ आहेत, म्हणून तास स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

नियुक्तीपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार ते प्रत्येक कामगाराला देणं बंधनकारक आहे. मागितल्यावर कुणी हसलं तरी मागा.

आणि पहिल्यांदाच पीएफवर नाव चढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. केंद्राची विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ पासून ३१ जुलै २०२७ पर्यंत लागणाऱ्या नोकऱ्यांना आहे. एका महिन्याच्या पीएफ पगाराइतकी रक्कम, जास्तीत जास्त १५,००० रुपये, दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिने झाल्यावर. सहा वर्षं बेकार राहिलेल्या मुलाचं पीएफ खातं नसतंच, म्हणजे हा लाभ नेमका तुमच्यासाठी आहे. पंधराव्या दिवशी कंटाळून काम सोडण्याआधी याचा विचार करा.

एम.ए. करून लाइनवर नट आवळायचे? लोक काय म्हणतील?

लोक म्हणतात. माझ्याच चुलत्यांनी भर लग्नात म्हटलं, ‘कलेक्टरीण झाली का मग?’ मी ताटावरून उठले नाही, एवढंच मला आठवतं.

पण मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. लाइनवरचं काम जड असतं. पहिले पंधरा दिवस पोटऱ्या दुखतात, रात्री पाय भिंतीला लावून झोपावं लागतं. सुपरवायझर तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असतो आणि अरेतुरे करतो. हे सोसायचं का, तर मला वाटतं हो, पण ठरावीक मुदतीसाठी. पहिलं काम हे पुढचं काम शोधण्याचं साधन आहे. खिशात पगार असताना मुलाखतीला बसणं आणि शेवटचे पाचशे उरलेले असताना बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, समोरच्यालाही तो दिसतो.

लाइनवर असताना जे दिसेल ते शिकून घ्या. मी जेवणाच्या सुट्टीत क्वालिटीच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहायचे. तिथल्या दादांनी एक दिवस व्हर्नियर हातात दिला आणि म्हणाले, ‘मोज.’ बी.एस्सी.ला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो कित्येकदा हातात घेतला होता. मी माप सांगितलं, त्यांनी स्वतः मोजून बघितलं, बरोबर होतं. ‘कुठं शिकलीस?’ म्हणाले. तेव्हा मी पहिल्यांदा पदवीचं सांगितलं. दोन महिन्यांनी तपासणीला एक जागा झाली आणि त्यांनी माझं नाव दिलं. भोसरीतली आजची नोकरी त्या आठ महिन्यांच्या तपासणीच्या अनुभवावर मिळाली. एक्सेल येत असेल तर स्टोअरचं आणि डिस्पॅचचं काम असंच पायरीपायरीनं मिळतं.

मुलगी आहे. घरचे एकटीला सोडत नाहीत.

माझेही सोडत नव्हते. त्यांची भीती खोटी नाही, म्हणून वाद घालू नका, माहिती द्या. राहायचा पत्ता, रूम पार्टनरचा आणि घरमालकीणबाईंचा नंबर, कंपनीचं नाव, बस कुठून कुठं. जमलं तर बाबांना किंवा भावाला एक दिवस सोबत आणा, खोली दाखवा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, मायलाही आणा. माझी माय आली, कॉटवर बसून बघितली आणि म्हणाली, ‘खिडकीला कडी लावून घे.’ तेवढंच म्हणाली आणि गेली.

नोकरदार महिलांसाठी शासनाची सखी निवास वसतिगृहं आहेत, जागा असेल तर खासगी कॉटपेक्षा चांगली. रात्रपाळीला तुमची संमती लागते आणि ने-आण करायची सोय कंपनीनं करायची असते. बस घरापासून किती लांब सोडते हे आधी विचारा, ‘पिकअप आहे’ एवढ्यावर जाऊ नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं सक्तीचं आहे. कंत्राटी कामगारही तिथं तक्रार करू शकते. ‘तू आमच्या रोलवर नाहीस’ हे उत्तर चालत नाही.

रेशन कार्ड गावाचं आहे. इथं धान्य मिळतं का?

मिळतं. आधार जोडलेलं असेल तर पुण्यातल्या रेशन दुकानावर अंगठा लावून तुमच्या वाट्याचं उचलता येतं, घरच्यांचं घरी मिळतं. कार्ड बदलायची गरज नाही.

आजारी पडलो तर?

पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतं. त्याचा नंबर पहिल्या आठवड्यात मागून घ्या. उपचार तुमच्यावरही होतात आणि नोंद केलेल्या घरच्यांवरही, तेव्हा फॉर्ममध्ये मायबापाचं नाव टाकायला विसरू नका. चिंचवडला मोहननगरला आणि पुण्यात बिबवेवाडीला त्यांची रुग्णालयं आहेत. रांग असते, पण मोठ्या आजाराला खासगी दवाखान्यात कर्ज काढण्यापेक्षा रांग बरी. काही महिने हप्ते भरून झाले की आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कमही मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत.

सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात म्हणे. मग पुन्हा बेकार?

देतात, म्हणजे कंत्राटी कामगाराला कामावरून थांबवतात, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं बेकारी काढलीय त्यांना तो फार लागतो. मला ब्रेक दिला त्या दिवशी मी गेट पास परत केला आणि सरळ स्टँडवर जाऊन बसले. वाटलं, झालं, परत तेच. रूम पार्टनरनं फोन करून बोलावून घेतलं.

ब्रेक येणार हे धरूनच चाला. चौथ्या महिन्यापासून दुसरीकडं विचारायला लागा. अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या तीन चिठ्ठ्या घेतल्याशिवाय गेट सोडू नका. यूएएन तोच ठेवा, नवीन कंत्राटदाराला जुनाच नंबर द्या, म्हणजे सेवेचे महिने जोडले जातात. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, ती अशीच तुकड्यातुकड्यानं भरते. पीएफचे पैसे मधेच काढून मोबाइल घेऊ नका.

लग्न झालंय, लहान मूल आहे. सगळ्यांनाच घेऊन येऊ का?

आधी एकट्यानं या. तीन पगार झाल्यावर ठरवा. शाळा मधेच तोडू नका.

घरी काय सांगायचं? फोन उचलायचीही भीती वाटते.

खरं सांगा. मी अकरा दिवस ‘कागदपत्रं चालू आहेत’ असं सांगत राहिले. बाबा नोकरीचं विचारायचेच नाहीत, ‘तिकडं ऊन किती आहे?’ म्हणायचे. बाराव्या दिवशी मला राहवलं नाही, सांगून टाकलं की तीन गेटवरनं परत पाठवलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मग चौथ्यावर जा. पैसे आहेत का?’ त्या रात्री मी नीट झोपले.

पहिल्या पगारातून घरी थोडे पाठवा, फार नाही. मी हजार पाठवले. सगळा पगार पाठवून स्वतः वडापाववर राहणारी मुलं दुसऱ्या महिन्यात आजारी पडतात.

आणि वर्षानुवर्षं नापास होत राहण्याचं ओझं शहरात आल्यावर आपोआप उतरत नाही. काम लागल्यावरही कित्येकांना रात्री झोप येत नाही, नकोसे विचार येतात. तसं असेल तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्या रूममधल्या एकीनं केला होता, माझ्यासमोर, जिन्यात बसून. पाऊण तास बोलली.

कधी यावं?

दोन वेळा चांगल्या. एक, दसरा-दिवाळीच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा कारखान्यांत काम वाढतं. दुसरी, दिवाळीनंतर लगेच. सुट्टीला गेलेले पुष्कळ जण परत येत नाहीत आणि लाइन रिकाम्या असतात.

वारही बघून या. भोसरी, पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कंपन्यांना रविवारी नाही, गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारी सगळ्या पोरी रूमवर असतात, कपडे धूत असतात, कोणती कॉट रिकामी आहे आणि कोणत्या गेटवर माणसं हवीत हे त्याच दिवशी निवांत कळतं. आमच्याकडचे असाल तर नांदेड-पनवेल गाडी गंगाखेडवरून जाते. बुधवारी संध्याकाळी तिच्यात बसा, सोबत दोन दिवसांच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. गुरुवारी खोली बघा, शुक्रवारी सकाळी आठला गेटवर.